बॅकपास द्या की, पण दोन गोलपोस्टच्या मधी नको

बेळगावात कुठल्याही ग्राऊंडवर संध्याकाळी जरा कडेला उभं राहून बघा. डिफेंडरनं बॉल मागं कीपरला दिला रे दिला की बाहेरनं कुणीतरी ओरडतंयच, "मागं काय देतोस रे, पुढं मार की!" आणि त्याच पोरानं पुढच्या वेळी डोळे झाकून पुढं मारला, बॉल थेट समोरच्या टीमच्या पोराच्या पायात गेला, की परत तोच आवाज, "कीपर मोकळा होता की लेका, दिसंना काय तुला?" आता त्या पोरानं ऐकायचं कुणाचं? इकडं कोल्हापूर, तिकडं घाट उतरला की गोवा, दोन्हीकडं फुटबॉलचं वेड आणि मधी आपण, त्यामुळं सल्ला देणाऱ्यांची काही कमी नाही, पण बॅकपास, म्हणजे हा मागं कीपरला दिलेला बॉल, नेमका कुठं द्यायचा, किती जोरात द्यायचा, कधी अजिबात द्यायचा नाही हे बसवून सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकतो.

माझं म्हणणं एकच आहे. बॅकपास सेफ आहे की नाही ते कीपर किती भारी आहे त्यावर ठरत नाही, बॉल पायातनं सुटायच्या आधीच ठरतंय. स्वतःला विचारायचं, कीपर तिथं नसताच किंवा घसरून पडला असता तर हा बॉल कुठं गेला असता? कॉर्नरला गेला असता तर पास सेफ. गोलमधी गेला असता तर तुम्ही पास दिला नाही, जुगार खेळला.

पण आधी नियम बघू, कारण निम्मी भांडणं तिथंच होतात. 1992 च्या आधी कीपरला मागं दिलेला बॉल सरळ हातात उचलता यायचा. मग काय, एक गोलनं पुढं असलेली टीम काय करायची तर डिफेंडर कीपरला देणार, कीपर उचलणार, जरा फिरणार, परत डिफेंडरला सोडणार, तो परत मागं देणार, बसा बघत. 1990 च्या इटलीतल्या वर्ल्ड कपमधी 52 मॅचमधी फक्त 115 गोल झाले, म्हणजे मॅचला सव्वादोनसुद्धा नाही, आणि लोक अक्षरशः कंटाळले. 1992 च्या युरो फायनलला डेन्मार्कनं जर्मनीला 2-0 हरवलं, त्या मॅचची जुनी क्लिप बघा, डेन्मार्कची पोरं त्यांच्या कीपरला, पीटर श्मायकेलला, किती वेळा बॉल मागं देतात आणि तो किती आरामात उचलतो. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला आणि हा उद्योग बंद झाला.

आता नियम असा आहे की आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं कीपरकडं दिलेला बॉल कीपरनं हातात घ्यायचा नाही. यातले 'मुद्दाम' आणि 'पायानं' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पायानं म्हणजे घोट्यापासनं खाली. डोक्यानं दिला, छातीनं दिला, गुडघ्यानं दिला तर कीपर बिनधास्त उचलू शकतो. आणि मुद्दाम म्हणजे कीपरला द्यायचा हेतू पाहिजे, डिफेंडर पुढं मारायला गेला आणि बॉल बुटाच्या कडेला लागून मागं आला, किंवा समोरच्याचा शॉट याच्या पायाला लागून वळला, तर तो बॅकपास नव्हे. हेतू होता की नव्हता ते रेफ्रीनं ठरवायचं, आणि तिथं वाद होणारच, त्याला इलाज नाही.

काही हुशार पोरं म्हणतात, मग मी बॉल पायानं वर उडवतो आणि डोक्यानं देतो, संपला विषय. संपत नाही. नियमाला फसवायला मुद्दाम केलेली ट्रिक असेल तर डिफेंडरला यलो कार्ड आहे, कीपरनं हात लावला काय आणि नाही लावला काय. समोरनं आलेला क्रॉस किंवा उंच बॉल सहज डोक्यानं मागं दिला तर चालतंय, त्यात काही ट्रिक नाही.

1997 मधी थ्रो-इनपण या नियमात घातला. आपल्या टीमचा थ्रो थेट कीपरकडं टाकला तर त्यालाही हात लावता येत नाही. आणि 2019 मधी जरा सूट दिली, कीपरनं आलेला बॉल पायानं मारून खेळात सोडायचा स्पष्ट प्रयत्न केला आणि तो फसला, बॉल तिथंच घुटमळला, तर मग तो हातानं उचलू शकतो. ही सूट आपल्याकडच्या कित्येक कीपरना माहीतच नाही, बिचारे फसलेल्या बॉलमागं पायानंच धडपडत बसतात.

आणि हा एक गैरसमज आता तरी सोडा, की बॅकपास हातात घेतला तर पेनल्टी. नाही मिळत. इनडायरेक्ट फ्री किक मिळते, म्हणजे मारलेला बॉल दुसऱ्या कुणाला तरी लागून गेला तरच गोल. नुसत्या हात लावण्याबद्दल कीपरला कार्डपण नाही. फाऊल गोलच्या पुढच्या छोट्या चौकोनात झाला असेल तर बॉल त्या चौकोनाच्या समोरच्या रेषेवर आणून ठेवतात, म्हणजे गोलपासनं साडेपाच मीटरवर, आणि मग सगळी डिफेन्स टीम गोललाईनवर पोस्ट टू पोस्ट भिंत करून उभी राहते. बघायला लई मजा येते, उभं राहायला नाही.

हे झालं नियमाचं. आता पास.

गोलची रुंदी 7.32 मीटर. ग्राऊंडची रुंदी साठ-सत्तर मीटर. म्हणजे मागं द्यायला केवढी जागा पडलेली असते आणि पोरं बरोबर त्या सव्वासात मीटरातच देतात, कारण कीपर तिथं उभा असतो आणि डोळा कीपरवर असतो. इथंच सवय मोडायला पाहिजे. बॉल कीपरला नाही, कीपरच्या बाजूच्या मोकळ्या जागेत द्यायचा, पोस्टच्या बाहेरच्या लाईनवर, आणि कीपरनं तिथं यायचं.

झाग्रेबची मॅच गाजलेली आहे, 11 ऑक्टोबर 2006, क्रोएशिया विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडच्या गॅरी नेव्हिलनं आपला कीपर पॉल रॉबिन्सनला साधा बॅकपास दिला. प्रेशर फारसं नव्हतं, पास काही वाकडातिकडा नव्हता, स्पीडपण ठीक. रॉबिन्सन पहिल्याच टचला लांब मारायला गेला आणि पायाच्या अगदी जवळ येऊन बॉलनं टप्पा बदलला, बुटाच्या वरनं गेला आणि मागं गडगडत गोलमधी. नेव्हिलच्या नावावर सेल्फ गोल, इंग्लंड 2-0 हरलं. लोक अजून रॉबिन्सनला हसतात, मला मात्र त्या क्लिपमधी पासची लाईन दिसते. तोच बॉल पोस्टच्या चार फूट बाहेरनं गेला असता तर कॉर्नर मिळाला असता, आणि ती क्लिप आज कुणाच्या लक्षातपण नसती.

इंटरनॅशनल ग्राऊंडवर हे होतंय तर आपल्याकडं काय होणार? आता टिळकवाडीपासनं कॅम्पपर्यंत पोरांची फुटबॉलची सवय टर्फवर होते, तासाच्या भाड्यानं घेतलेलं नकली गवताचं टर्फ, बॉल कसा सरळ सुतात येतो. मग तीच पोरं मोठ्या मैदानावर येतात, जिथं सकाळी लोक चालायला येतात, दुपारी क्रिकेट, मधनंच दुचाकी जाऊन चाकोरी पडलेली, आणि तिथं टर्फवाला निवांत बॅकपास देतात. जून ते सप्टेंबर तर बोलूच नका. खानापूरकडं गेलात तर तांबडी माती, वर पाऊस, आणि गोलच्या तोंडाशी सगळ्यात जास्त पाय नाचल्यामुळं बरोबर तिथंच खड्डा आणि खड्ड्यात पाणी.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, आपल्या कडेच्या लाईनजवळ, बॉल पायात, तोंड आपल्याच गोलकडं, समोरचा विंगर मागनं पळत येतोय, बुटांचा चपक चपक आवाज ऐकू येतोय. कीपर गोलच्या मधोमध, तांबड्या पाण्याच्या थारोळ्यामागं. बॅकनं मधी दिला तर बॉल सुरवातीला सपासप जातोय, कारण ओल्या गवतावर बॉल पळतोच, आणि मग डबक्यात शिरला की एकदम मेला, कीपरपासनं पाच पावलावर उभा. आता बॉल कुणाचा? जो आधी पळत होता त्याचा, म्हणजे विंगरचा, कारण कीपर तर उभा होता. तोच बॅक जर सरळ रेषेत आपल्या लाईनला समांतर मागं देईल, कोपऱ्याच्या झेंड्याच्या आणि पोस्टच्या मधी कुठंतरी, जिथं गवत शाबूत आहे, आणि कीपर आधीच तिकडं सरकलेला असेल, तर काहीच अडत नाही. म्हणून मॅचच्या आधी कीपरनं आणि बॅकनं मिळून डीमधनं, म्हणजे गोलच्या पुढच्या मोठ्या चौकोनातनं, एक चक्कर मारायची, पाणी कुठं साठलंय, माती कुठं भुसभुशीत आहे ते पायानं दाबून बघायचं. दोन मिन्टांचं काम आहे, पण ते सोडून सगळे मधी रिंगण करून बॉल उडवत बसतात.

आता जोर किती. हळू दिलेला बॅकपास हा सगळ्यात वाईट बॅकपास, जोरात दिलेल्यापेक्षा वाईट. जोरात दिला तर कीपरला कंट्रोल जड जाईल, फार तर बॉल आऊट जाईल, तोही लाईन बाहेरची असेल तर. हळू दिला तर फॉरवर्डला तुम्ही स्वतःच्या हातानं ताट वाढलं. 2004 च्या युरोत लिस्बनला इंग्लंड-फ्रान्स, इंग्लंड नव्वद मिन्टापर्यंत 1-0 पुढं, मग फ्रान्सच्या झिदाननं फ्री किकवर बरोबरी केली, आणि लगेच इंग्लंडच्या स्टीव्हन जेरार्डनं मागं न बघता कीपर डेव्हिड जेम्सकडं बॉल सोडला. मधी फ्रान्सचा फॉरवर्ड थिएरी ऑन्री. ऑन्रीनं बॉल गाठला, जेम्सनं त्याला पाडलं, पेनल्टी, झिदान, 2-1. जेरार्डसारखा पासर, पण आपल्या आणि कीपरच्या मधला माणूसच त्यानं बघितला नव्हता.

बघायचं कधी, हाच खरा मुद्दा. पोरं बॉल पायात आल्यावर मान वळवतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो, मग न बघताच अंदाजानं देतात. बॉल तुमच्याकडं येत असतानाच एकदा खांद्यावरनं मागं बघून घ्यायचं, कीपर कुठं आहे, त्यांचा फॉरवर्ड कुठं आहे. बस एवढंच. हे ज्यानं केलं त्याला पुढचा निर्णय घ्यायला पुरेसा वेळ मिळतो, ज्यानं केलं नाही त्यानं बॅकपासचा नाद सोडावा आणि बॉल सरळ बाहेर मारावा.

पाय कुठला, तर पायाची आतली बाजू. उभा पाय जिकडं द्यायचं तिकडं वळवलेला, अंग जरा बॉलवर झुकलेलं, म्हणजे बॉल जमिनीवरनं गडगडत जातोय. मागं झुकून मारला की उडतोय, उडालेला बॅकपास टप्पे खात येतो, आणि टप्पे खाणारा बॉल पायानं थांबवायचा म्हणजे कीपरला शिक्षा, हात तर लावता येत नाही. बाहेरच्या बाजूनं फ्लिक, टाचेनं देणं वगैरे, ते रील्सला ठेवा. आणि जमलं तर फॉरवर्ड ज्या बाजूनं येतोय त्याच्या उलट्या बाजूच्या, कीपरच्या पायावर द्या, म्हणजे कीपरचं अंग बॉल आणि फॉरवर्डच्या मधी येतं.

कीपरकडं वळू. आपल्याकडं कीपर म्हणजे जो पळायला कंटाळतो तो, असं कित्येक वर्षं चाललं, आता चालणार नाही. आपल्या डिफेंडरकडं बॉल गेला की कीपरनं गोलच्या तोंडातनं बाजूला सरकून, पोस्टच्या रुंदीच्या बाहेर, हात दाखवून मागायचं, बॉल कुठं पाहिजे ते हातानं दाखवायचं. अंग अर्धं उघडं ठेवायचं, म्हणजे येणारा बॉल पण दिसला पाहिजे आणि लांबची विंग पण. पहिला टच बॉल थांबवायला नाही तर बाजूला ढकलायला, फॉरवर्डपासनं लांब, आणि दुसऱ्या टचला पास किंवा लांब. फॉरवर्ड अंगावर आला असेल तर टच घेऊ नका, सरळ मारा, पण मधी नाही, कडेच्या लाईनकडं. मधी मारलेला अर्धवट बॉल म्हणजे वीस मीटरवरनं मोकळ्या गोलवर शॉट. लाईनकडचा अर्धवट बॉल म्हणजे फार तर थ्रो. टीव्हीवर एडरसन, अलिसन वगैरे ब्राझीलचे कीपर गोलच्या मधोमध उभं राहून, फॉरवर्ड हातभर अंतरावर असताना निवांत घेतात, ते बघायला छान आहे, पण त्यांचं ग्राऊंड गालिच्यासारखं आहे आणि त्यांचा डावा-उजवा दोन्ही पाय तयार आहे. आपण आपल्या मातीवर आपल्या पद्धतीनं खेळायचं.

मग एवढी रिस्क घ्यायचीच कशाला? कारण हिशोब आहे. समोरचा कीपर काही आपल्या हाफमधी येऊन प्रेशर करत नाही, म्हणजे त्यांचे मैदानातले दहा आणि आपले कीपर धरून अकरा. त्यांच्यातला कुणी कीपरवर धावून आला तर मागं आपला कुणीतरी एक मोकळा सुटलाच. कीपरचं काम तो मोकळा माणूस शोधणं, आणि डिफेंडरचं काम तो मोकळा माणूस होणं. म्हणून पास देऊन तिथंच कमरेवर हात ठेवून उभं राहायचं नाही, लगेच बाजूला, रुंद, लाईनकडं पळायचं. निम्मे बॅकपास फसतात ते पास वाईट म्हणून नाही, देणारा पुतळा झाला म्हणून. कीपरकडं मग परत द्यायला कोणीच उरत नाही.

ओरडायचं काय, हेही आधी ठरवा, ही आपल्या भागातली खास अडचण. एकाच टीममधी घरी मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा आणि कॅम्पातला कोंकणी बोलणारा असतोय. कीपर कन्नडमधी "बिडो" म्हणून ओरडला, म्हणजे सोड, मी घेतो, आणि स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या डिफेंडरच्या, ध्यानात यायला अर्धा सेकंद गेला, तेवढ्यात काम तमाम. कुठली भाषा त्यावर वाद नको, शब्द ठरवा. सोड म्हणजे तू हात-पाय लावू नको, दे म्हणजे मला दे, मार म्हणजे बाहेर मार. तीन शब्द, सगळ्यांचे तेच. आणि आवाज कीपरचा, डिफेंडरनं अंदाज बांधायचा नाही. कीपर गप्प असेल तर बॅकपास नाही, असा नियमच करून टाका.

अजून कधी द्यायचा नाही? कीपर अजून गोललाईनवर परत पळतोय तेव्हा नाही. तुमच्या आणि कीपरच्या मधी कुणीही असेल, अगदी बाजूला दिसत असला तरी नाही. तुम्ही तोल जाऊन पडता पडता देताय, तर नाही, आऊट मारा, थ्रो देऊन कोणी मेलेलं नाही. आणि आडवा, एका कडेकडनं गोलच्या समोरनं दुसऱ्या कडेला जाणारा बॅकपास तर कधीच नाही, कारण तो मधी कुठंही अडवला की पुढं फक्त गोल.

थ्रो-इनबद्दल एक गंमत सांगितली पाहिजे. आपला थ्रो कुणालाही न लागता थेट आपल्याच गोलमधी गेला तर गोल नसतो, समोरच्याला कॉर्नर मिळतो. सप्टेंबर 2002, बर्मिंगहॅम सिटीविरुद्धच्या मॅचमधी ॲस्टन व्हिला क्लबच्या मेलबर्गनं आपला कीपर एंकेलमनकडं थ्रो टाकला, कीपर पायानं थांबवायला गेला, बॉल पायाखालनं सरकून गोलमधी. आता पायाला लागला का नाही? लागला नसेल तर कॉर्नर, लागला असेल तर गोल. रेफ्रीनं लागला असं ठरवलं, गोल दिला, व्हिला 3-0 हरलं आणि क्लिप परत परत बघून लोक आजही वाद घालतात. कीपरांनो, असा थ्रो चुकून गोलकडं चालला आणि नीट थांबवता येत नसेल तर पाय मागं घ्या, जाऊ दे आत, कॉर्नर द्या. ऐकायला येडपट वाटतंय, पण नियम तसाच आहे.

डोक्यानं किंवा छातीनं दिला आणि कीपरनं हातात घेतला तर निवांत बसायचं नाही, 2025 पासनं आठ सेकंदात सोडायचा, जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. रेफ्री शेवटची पाच सेकंदं हातानं दाखवतो. आपल्या गल्लीच्या टूर्नामेंटमधी हे किती पाळतील ते सोडा, पण सवय लावून घ्या.

प्रॅक्टिस कशी करायची, तर महागडं काही लागत नाही. दोन्ही पोस्टच्या बाहेर चार-पाच पावलांवर एक-एक चप्पल ठेवा. बॅकपास पोस्ट आणि चप्पल यांच्या मधनं गेला तर पॉईंट, दोन पोस्टच्या मधनं गेला तर समोरच्या टीमला गोल, कीपरनं अडवला असला तरी. आणि कीपरला हळूच कानात सांगून ठेवा, अधनंमधनं मुद्दाम बॉल सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी पोरं कीपरला शिव्या घालतात. नंतर मान आपोआप आधी वळायला लागते, पास आपोआप बाहेर जायला लागतो. हे जमलं की एक फॉरवर्ड पळत सोडा, मग दोन. आणि टर्फवर जमलं म्हणून थांबू नका, हेच जुलैत चिखलात करून बघा, चपला मात्र जुन्या ठेवा.